स्मृतिसुरी-मीमांसा

शास्त्राच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध ही चौकडी कळल्याशिवाय शहाणा माणूस पुढच्या पानाला हात लावत नाही. तेव्हा ते आधी उरकून घेऊ. विषय: अमेरिकेत सुऱ्या घडवणारा एखादा कारागीर वारला, की त्याच धंद्यातला त्याचा सोबती त्याच्या स्मरणार्थ हाताने एक सुरी घडवतो, आणि ती पुष्कळदा जुन्या पश्चिम सरहद्दीच्या वळणाची असते, ती सुरी. प्रयोजन: नाही. अधिकारी: दुपारी झोप न येणारा कोणीही वाचक. संबंध: वाचकाचा आणि सुरीचा काहीएक संबंध नाही, त्यामुळे चर्चा निःपक्षपाती होईल, अशी आशा आहे.

वादाच्या सोयीसाठी एक नमुना कल्पू. घडवणाऱ्याला 'क' म्हणू आणि दिवंगताला 'द'. सुरीचे पाते नालबंदाच्या जुन्या कानशीतून काढले आहे. घोड्याचे खूर घासून घासून ती कानस निकामी झाली होती. ठोकताना कानशीचे दात पूर्ण मोडलेले नाहीत. पात्याच्या पाठीजवळ त्यांची तिरपी जाळी अजून बोटाला लागते, धारेकडे येता येता ती विरते आणि शेवटी नुसते गुळगुळीत पोलाद उरते. मूठ शिंगाची, तीही शिंगाच्या बुंध्याची, म्हणजे मागच्या टोकाला खडबडीत मुकुट आपोआप आलेला. मूठ आणि पाते जिथे भेटतात तिथे ओले कच्चे चामडे गुंडाळले आहे. वाळताना चामडे आवळते आणि सांधा जाम धरते, त्यामुळे वर गाठ मारली काय नि न मारली काय सारखेच. म्यान हरणाच्या कातड्याचे, आणि ते कातडे जनावराच्याच मेंदूने कमावलेले. प्रत्येक जनावराला स्वतःचे कातडे कमावण्यापुरता मेंदू असतो, असे तिकडचे शिकारी म्हणत. माणसाबद्दल त्यांनी तसे काही म्हटलेले नाही.

आता पहिले अधिकरण: कालविपर्यास.

ही सुरी नवी आहे, पण नवी दिसत नाही. 'क'ने पाते घासून झाल्यावर त्यावर व्हिनेगर लावले, मग मोहरीची चटणी ठिपक्याठिपक्यांनी थापली, वाळू दिली, धुतली आणि पुन्हा थापली. आम्ल पोलादाला खाते आणि पात्यावर करड्या-काळ्या ढगांसारखे डाग उमटतात. पितळी खिळे त्याने मुद्दाम काळवंडवले. शिंगाच्या खाचांत काजळी भरून वरून पुसली. परिणाम असा, की सुरी पावणेदोनशे वर्षे कोणाच्या तरी कमरेला राहून आली आहे, असे वाटावे. 'द' मात्र परवा वारला. म्हणजे ज्याच्या स्मरणार्थ सुरी केली, त्याच्या पणजोबाच्याही आधीची ती दिसते. माणसाच्या जन्माआधी त्याचे स्मारक उभारण्याचा हा प्रकार जगात अन्यत्र फारसा आढळत नाही. आपल्याकडे काही पुढाऱ्यांनी हयातीत पुतळे उभारले, पण जन्माआधी कोणी धजावलेले नाही.

यावर आक्षेपक म्हणेल की हा काळाचा गोंधळ नसून शैलीची निष्ठा आहे. सरहद्दीची सुरी म्हणजे जुनी दिसणारी सुरी. हे मान्य करण्यात एक अडचण आहे. सरहद्दीच्या काळात सरहद्दीच्या सुऱ्या नव्याच होत्या. रॉकी पर्वतांत बीव्हरचे कातडे मिळवायला गेलेले शिकारी १८२५ ते १८४० या काळात दरवर्षी उन्हाळ्यात एका मेळाव्याला जमत. तिथे कातडी द्यायची आणि दारू, दारूगोळा, सुऱ्या घ्यायच्या. त्या सुऱ्या मोठ्या संख्येने इंग्लंडातल्या शेफील्डहून पेट्यांतून यायच्या. कसायाच्या सुरीसारखे साधे पाते, दोन लाकडी फळ्यांची मूठ, स्वस्त, एकसारख्या, डझनावारी. १८३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला जॉन रसेलने ग्रीन नदीकाठी कारखाना काढला, तेव्हा कुठे अमेरिकन मालाचे नाव होऊ लागले. शेफील्डचा जॉर्ज वोस्टेनहोम तर अमेरिकी गिऱ्हाइकीवर इतका खूश झाला, की त्याने आपल्या इंग्लंडातल्या कारखान्याचेच नाव 'वॉशिंग्टन वर्क्स' ठेवले. 'क'ची कानशीची, शिंगाची, चामडे आवळलेली सुरी त्या शिकाऱ्यासमोर ठेवली असती, तर त्याने ती कौतुकाने उलटीपालटी करून पाहिली असती, किंमत विचारली असती आणि शेफील्डचीच घेतली असती.

सगळ्यात गाजलेल्या सरहद्दी सुऱ्याची कथा तर याहून मौजेची आहे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावाजवळ, दोन सद्गृहस्थांचे द्वंद्व ठरले होते. दोघांनी दोनदोन गोळ्या झाडल्या, चारही चुकल्या, आणि दोघांनी हात मिळवून प्रकरण मिटवले. मग बघायला आलेले लोक आपसांत भिडले. त्यात जिम बोवीला गोळ्या लागल्या, त्याला भोसकले, आणि तशा अवस्थेत त्याने आपल्या मोठ्या सुऱ्याने नॉरिस राइटला ठार केले. सुरा रातोरात प्रसिद्ध झाला. तो कसा दिसत होता? जिमचा भाऊ रेझिन याने १८३८ साली पत्र छापून सांगितले, की सुरा माझा. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि वाकडे नाही. आज ज्याला बोवी म्हणून विकतात त्याचे टोक वरून बाकदार छाटलेले असते. म्हणजे मूळ धन्याच्या वर्णनात न बसणारी वस्तू त्याच्या नावाने ओळखली जाते. कायदे करणाऱ्यांचीही तीच गत झाली. अलाबामाने १८३७ मध्ये बोवी सुऱ्याच्या विक्रीवर शंभर डॉलर कर बसवला. टेनेसीने पुढच्या वर्षी विक्रीच बंद केली, आणि आकाराने, घडणीने किंवा मापाने त्याच्यासारखे दिसणारे कोणतेही हत्यार बंदीत घातले, कारण नेमके कशावर बंदी घालायची हे सांगणे जमेना. तेव्हा 'क'च्या सुरीचे वळण एका आठवणीच्या आठवणीवरून घेतलेले आहे, आणि त्यात 'द'ची आठवण मिसळली आहे. कालविपर्यास सिद्ध झाला. त्याने बिघडत काही नाही, हेही सिद्ध झाले.

दुसरे अधिकरण: नाण्याचा प्रश्न.

युरोपात आणि अमेरिकेत सुरी भेट दिली तर मैत्री कापली जाते, असा समज आहे. म्हणून घेणारा देणाऱ्याला एक सेंट परत करतो. भेट मग विक्री ठरते आणि मैत्री वाचते. आपण याला हसण्याचे कारण नाही. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रश्न असा, की सुरी मृताला अर्पण केली, तर सेंट कोणी द्यायचा?

'द' देऊ शकत नाही. 'द'ची पत्नी देऊ शकते, पण मैत्री तिची नव्हती, 'द'ची होती. आणि एका सेंटला सुरी विकत घेतल्यावर तिच्यावर विक्रीकर लागतो का, हा उपप्रश्न उद्भवतो, जो या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे. 'क'ने उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकला तर व्यवहार पूर्ण होतो, पण तसे करताना कोणी पाहिले तर समजूत घालणे अवघड. एक मत असे, की नाण्याची गरजच नाही, कारण मैत्री कापायला दोन टोके लागतात आणि इथे एक टोक आधीच सुटलेले आहे. प्रस्तुत लेखकाला हे मत निर्दय वाटते, पण खोडता आलेले नाही. व्यवहारात हा पेच वेगळ्या रीतीने सुटतो. अशी सुरी पुष्कळदा लिलावात जाते, पैसे 'द'च्या कुटुंबाला मिळतात, आणि एका सेंटची अट हजारो पटींनी पुरी होते.

तिसरे अधिकरण म्यानाविषयी होते. ते शेवटी येईल.

चौथे, म्हणजे मुख्य अधिकरण: स्मृती सुरीत नेमकी कुठे असते?

नावात असते म्हणावे, तर 'द'चा ठसा 'क'च्या पात्यावर मारता येत नाही. तो खोटा दस्तऐवज होईल. संग्राहक ठसा बघून पैसे मोजतात. 'द'ने अर्धवट टाकलेले पाते 'क'ने पुरे केले असेल तर दोघांचे ठसे चालतात, असा धंद्यातला रिवाज आहे, पण आपला नमुना तसा नाही. पात्याची जी शेपटी मुठीत जाते तिच्यावर नाव कोरून वरून शिंग बसवले, तर नाव आहे पण दिसत नाही. मूठ फुटेल तेव्हाच ते वाचता येईल, आणि चांगल्या कारागिराची मूठ फुटत नाही. म्हणजे काम जितके चोख, तितके स्मारक गुप्त.

साहित्यात असते म्हणावे, तर हा पक्ष अधिक बळकट आहे, कारण कारागीर गेला की त्याची कपाटे उघडतात. सुऱ्या करणारी माणसे कधीतरी लागेल म्हणून साठवणारी असतात. कानशी, स्प्रिंगांचे तुकडे, लाकडाचे ठोकळे. आणि शिंगे. शिंगांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण इथे प्रबंध अचानक आपल्या गावाजवळून जातो. मुठीसाठी शेफील्डवाल्यांची आणि मागून अमेरिकनांची खास पसंती भारतातल्या सांबराच्या शिंगाला होती. सांबर म्हणजे तेच, मेळघाटात आणि ताडोबात वाघ ज्याच्यावर डोळा ठेवून असतो. अमेरिकेतल्या हरणांच्या शिंगात आतला गाभा भुसभुशीत निघतो; सांबराचे शिंग भरीव असते, त्यातून खिळा आरपार गेला तरी तडकत नाही, आणि वरची साल खडबडीत तपकिरी, हाताला धरून राहणारी. शिंगे दरवर्षी गळून पडतात, ती वेचून जहाजे भरून जात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली आणि तिकडच्या कारागिरांत हळहळ पसरली. तेव्हापासून ज्याच्याकडे सांबराचे जुने तुकडे आहेत तो ते मोजून ठेवतो. 'द'च्या खणात असा एक तुकडा निघाला आणि तो त्याने वर्षानुवर्षे कोणत्याच सुरीला लावला नव्हता, कारण कोणतीच सुरी त्याच्या लायकीची वाटली नव्हती, असे समजू. 'क'ने तो लावला. आता त्याने सुरीचा मान वाढवला की 'द'चा बेत मोडला, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

तरीही सिद्धान्त वेगळा आहे. स्मृती असते ती चुकीत. 'द' मुठीतला मागचा खिळा नेहमी मध्यावर न मारता केसभर खाली मारत असे. का, ते त्यालाही ठाऊक नसावे. कदाचित त्याचे छिद्र पाडायचे यंत्र जरा कलते होते, कदाचित पहिल्यांदा तसा बसला आणि पुढे हाताला तेच वळण पडले. गिऱ्हाइकाला ते कधी दिसले नाही. पण 'क' ते ओळखतो, आणि 'द'सोबत ज्यांनी ऐरणीवर घाम गाळला ते ओळखतात. आता 'क'ने ही सुरी करताना मोजून, खूण करून, मुद्दाम खिळा केसभर खाली मारला. चूक नकळत करणे सोपे. जाणूनबुजून, तीही दुसऱ्याची, आणि तेवढ्याच मापाने करणे अत्यंत कठीण. सुरीच्या स्पर्धेत बसलेला परीक्षक गुण कापेल. 'क'ला ते माहीत आहे. आणि ही खूण सगळ्यांत लवकर ज्याने ओळखली असती तो एकच माणूस ती पाहायला नाही.

इथे पूर्वीच्या एका लोहाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती विसरण्याबद्दल आहे. जेम्स ब्लॅक हा आर्कान्सातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावी होता. बोवीने याच्याकडून सुरा करून घेतला, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. पोलादाला पाणी देण्याची त्याची रीत गुप्त होती; ते काम तो चामड्याच्या पडद्याआड करी, असे सांगतात. १८३९ मध्ये तो आजारी असताना सासऱ्याने त्याला मारहाण केली, डोळे दुखावले आणि पुढे दृष्टी गेली. आयुष्याची शेवटची वर्षे तो गावातल्या डॉक्टर जोन्स यांच्या कुटुंबात राहिला. १८७० च्या सुमारास, सत्तरीत आल्यावर, त्याने घरातल्या तरुण डॅनियलला बोलावले. सांगितले, की तुम्ही मला सांभाळलेत, आता माझे गुपित लिहून घे. कागद, शाई, लेखणी आली. ब्लॅकने आठवून पाहिले. पुन्हा आठवून पाहिले. गुपित गेले होते. ते परत आले नाही, आणि १८७२ मध्ये तोही गेला. डॅनियल जोन्स पुढे आर्कान्साचा गव्हर्नर झाला. त्याने गोष्ट लिहून ठेवली, पाणी देण्याची रीत मात्र लिहिता आली नाही.

याच्या समोर दुसरे नाव ठेवतो: मेरिलँडचा बिल मोरन. लोखंडाचे थर एकमेकांवर ठोकून, दुमडून, नागमोडी रेषांचे दमास्कस पाते करण्याची विद्या अमेरिकेत जवळपास कोणाला येत नव्हती. मोरनने ती स्वतः खटपट करून बसवली, आणि १९७३ मध्ये सुरीकारांच्या प्रदर्शनात आपली पाती मांडली. मग विचारील त्याला कृती सांगितली. १९७६ मध्ये त्याने तीन साथीदारांसह अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. सोसायटीने १९८८ मध्ये शाळा उघडली ती कुठे? आर्कान्सातल्या त्याच वॉशिंग्टन गावी. ज्या गावात एका आंधळ्या लोहाराला आपले गुपित आठवले नाही, तिथे ते आता वर्ग भरवून शिकवतात: चुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सियसच्या आसपास, तापवा, मग आणखी थोडे, कोमट तेलात बुडवा, काचेसारखे ठिसूळ झालेले पाते दोनशे अंशांच्या आसपास दोन तास भाजा, मग पुन्हा एकदा. भाजण्याचे काम अनेक कारागीर घरच्या ओव्हनमध्ये उरकतात आणि त्या दिवशी केक होत नाही. मोरन २००६ मध्ये वारला. ब्लॅकच्या गुपितात काही जादू होती की एवढेच होते, हा तर्क करायला वाचक मोकळा आहे. माझे मत एवढेच होते, असे आहे.

पाचवे अधिकरण, आणि वादाचा खरा कस: स्मृत्यर्थ केलेल्या सुरीने कापावे काय?

पूर्वपक्ष म्हणतो, कापू नये. काचेच्या कपाटात, मखमलीवर, दिव्याखाली. पूर्वपक्षाचा अनुयायी बहुधा संग्राहक असतो आणि त्याने पैसे दिलेले असतात, त्यामुळे त्याचे म्हणणे आदराने ऐकावे लागते.

उत्तरपक्ष सोसायटीच्या परीक्षेकडे बोट दाखवतो. पहिली पायरी चढू पाहणाऱ्या लोहाराने आपल्या एकाच सुरीने इंचभर जाडीचा लोंबकळता दोर एका फटक्यात तोडायचा. मग बांधकामाच्या लाकडाचे दोन तुकडे घाव घालून पाडायचे. मग त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी पाते शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडून काटकोनात वाकवायचे. तुटले की नापास. म्हणजे जी सुरी चांगली सुरी आहे असे निर्विवाद सिद्ध होते, ती त्या क्षणापासून सुरी राहत नाही, वाकडी पट्टी होते. तर्कशास्त्रात याहून चोख प्रमाण मिळणार नाही आणि याहून निरुपयोगीही नाही. स्मृतिसुरीला ही परीक्षा द्यावी असे कोणी म्हणत नाही. पण दोरापर्यंत जायला हरकत काय? दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, की जमलेली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून जेवायला निघतात; स्मृतिसुरीच्या बाबतीत तो मान दोराचा असावा, असे सुचवतो. एका फटक्यात तुटला तर 'द'ला सुरी पावली. नाही तुटला तर 'क'ने पुन्हा निसण्यावर जावे, आणि 'द'ची एखादी इच्छा राहिली असेल तर ती आठवून पाहावी.

उत्तरपक्षाकडे आणखी एक दाखला आहे. १९३०च्या दशकात मिशिगनमधल्या वॉलून तलावाकाठी बो रँडल नावाच्या माणसाने एकाला सुरीने होडीचा रंग खरवडताना पाहिले. सुरी वापरण्याचा याहून वाईट प्रकार नाही. घरी कोणी असे केले तर बोलणी बसतात. तरी धार शाबूत. रँडलने सुरी विकत घेतली. ती विल्यम स्केगल या सुरीकाराने घडवलेली होती. रँडल स्वतः सुऱ्या करू लागला, आणि त्याच्या घराण्याचा ऑरलँडोतला कारखाना आजही चालू आहे. स्केगलची ती सुरी काचेच्या कपाटात असती तर रँडल तलावावर फक्त मासे पकडून परतला असता. म्हणून निर्णय असा: स्मृतिसुरीने दोर कापावा, सफरचंद कापावे, ज्यांना चालते त्यांनी हरीण सोलावे. होडीचा रंग खरवडू नये. अपवाद, शेजारी रँडलसारखा कोणी उभा असेल तर.

राहिले म्यान, जे आपण मागे टाकले होते. मेंदूने कमावलेले कातडे, पितळी खिळे, झालर, सगळे देखणे आहे, आणि स्मृतिसुरी कायम त्यातच ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. चामडे हवेतली ओल धरून ठेवते आणि पोलाद गंजते. पितळ चामड्यातल्या तेलाशी लागून हिरवे पडते आणि तो हिरवा बुरा पात्यावर उतरतो. व्हिनेगरने आणलेला जुनेपणा शोभेचा असतो, हा खराखुरा असतो आणि पाते खातो. म्यान भिंतीला टांगा. सुरी वापरली की पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि म्यानाबाहेर, कोरड्या जागी ठेवा.